'सुइकोडेन' राहिला कुठे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण पहिल्या प्लेस्टेशनवरच्या (सोनीचे टीव्हीला जोडायचे गेमयंत्र) दहा उत्तम रोल प्लेइंग गेमची, म्हणजे एखादे पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायच्या गेमची, यादी छापलीत. माझी आजवरची पत्रे इंदिरानगरच्या बोगद्यातली कोंडी, गोदाघाटावरचे फलक आणि त्या फलकांवरचे ऱ्हस्व-दीर्घ याच विषयांवर असत. त्यामुळे हे पत्र नक्की माझेच का, अशी शंका आपल्या कार्यालयात येईल. माझेच आहे. वय सदुसष्ट, एका छापखान्यात एकतीस वर्षे मुद्रितशोधक. चूक दिसली की हात शिवशिवतो, आणि त्या यादीत तीन दिसल्या.

पहिली: 'फायनल फँटसी सात' चार सीडींचा नव्हता, तीन सीडींचा होता. चार सीडी आठव्या आणि नवव्या भागाला होत्या. दुसरी: 'झेनोगिअर्स' हे नाव लागोपाठच्या दोन ओळींत दोन तऱ्हांनी छापले आहे. या दोन्ही मी सोडून देतो. मीही एकदा लग्नपत्रिकेत वधूच्या जागी वराच्या आत्याचे नाव जाऊ दिले आहे. तिसरी मात्र सोडण्यासारखी नाही. यादीत दुसऱ्या क्रमांकावर 'फायनल फँटसी आठ' आहे आणि 'सुइकोडेन' अख्ख्या यादीत नाही. ही काही डीटीपीवाल्याच्या माथी मारता येत नाही.

आता हे सांगणारा मी कोण, ते थोडक्यात. सोनीने हे यंत्र जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ला बाजारात आणले. आमच्या घरात ते २००० सालच्या दिवाळीनंतर आले, तेही सेकंड हँड. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. आजीने, मामाने, आत्याने हातावर ठेवलेले पैसे त्याने दोन वर्षे साठवले होते. मी आणि तो पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, लॅमिंग्टन रोडवर चार दुकाने हिंडलो आणि त्याच गाडीने संध्याकाळी परत आलो. येताना कसाऱ्यापासून पुढे त्याने ते खोके मांडीवरून खाली ठेवले नाही.

घरी टीव्हीला जोडले तर चित्र काळेपांढरे. आम्हाला वाटले, गेमच तसा आहे. 'फायनल फँटसी सात'मधले मिडगार शहर तसेही धुराने कळकटलेले, रात्रीचे. दीड महिना आम्ही ते कृष्णधवल पाहिले आणि कोणाची काही तक्रार नव्हती. मग टीव्ही दुरुस्तीवाल्याने सांगितले की या सीडी अमेरिकन, म्हणजे तिकडच्या एनटीएससी चित्रपद्धतीच्या, आणि तुमचा टीव्ही फक्त इकडची पाल पद्धत ओळखतो, त्याला यातला रंग उलगडत नाही. त्याने कसलीशी पट्टी आत बसवली. नायक क्लाउडचे केस पिवळे आहेत, हे आमच्या घराला त्या दिवशी कळले.

दुसरी भानगड लेन्सची. त्या जुन्या मॉडेलमध्ये लेन्सची गाडी प्लास्टिकच्या रुळावर सरकते, तो रूळ झिजतो, आणि मग सीडी अडखळायला लागते. यावर जगभर एकच घरगुती इलाज होता: यंत्र उलटे ठेवायचे. आमचे प्लेस्टेशन पुढची सगळी वर्षे दोन जाड शब्दकोशांच्या मध्ये उताणे पडलेले असे. पाहुणे विचारत, हे बिघडलंय का? सीडी सगळ्या नकली, हेही कबूल करतो. अस्सल सीडीची खालची बाजू काळीभोर असते, हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मुलगा नोकरीला लागून पाच वर्षे झाली होती.

सुरुवातीला मी नुसता शेजारी बसत असे. या गेममध्ये मारामारी कमी आणि वाचन फार. मुलाला इंग्रजीचा कंटाळा, तो शब्द विचारी, मी अर्थ सांगे. मग त्याची सहामाही आली, आमच्या हिने खेळायचा बटणांचा कंट्रोलर कपाटात ठेवला, आणि रात्री साडेदहाला मी तो बाहेर काढला.

'सात'बद्दल आपल्या लेखकाने जे भरभरून लिहिले आहे, त्यातले बरेचसे मला मान्य आहे. पण इंग्रजी भाषांतराबद्दल तो गप्प बसला. मी त्या वेळी वही करून चुका टिपत असे. एका झोपडपट्टीत पाइपात पडलेल्या आजारी माणसाकडे बोट दाखवून नायिका एरिस म्हणते, 'धिस गाय आर सिक.' लाखो लोकांनी विकत घेतलेल्या गेममध्ये हे वाक्य तसेच गेले. आमच्या चिरंजीवांनी सहामाहीच्या पेपरात त्याच वळणाचे वाक्य लिहिले आणि बाईंनी लाल रेघ मारल्यावर 'गेममध्ये असंच आहे' असा पुरावा दिला.

पहिल्या सीडीच्या शेवटी एरिस मरते. ही तेव्हा आमच्या मागे बसून मेथी निवडत होती. हात थांबले. "अहो, ती येते ना परत?" गल्लीतली पोरे छातीठोकपणे सांगत की अमुक वस्तू घेऊन तमुक ठिकाणी गेले की येते. ही अफवा फक्त आमच्या गल्लीत नव्हती, तेव्हा जगभर होती. ती येत नाही. हिने मेथी उचलली आणि स्वयंपाकघरात गेली, आणि पुढे 'सुइकोडेन' येईपर्यंत त्या टीव्हीसमोर बसली नाही.

तर 'सुइकोडेन'. कोनामी कंपनीचा, डिसेंबर १९९५चा, म्हणजे प्लेस्टेशनवरच्या पहिल्यावहिल्या रोल प्लेइंग गेमपैकी एक. दिसायला साधा. 'सात'मध्ये माणसे ठोकळ्यांची का होईना पण त्रिमितीत उभी राहतात; इथे सपाट बाहुल्या, सहा जणांची तुकडी एका बाजूला, राक्षस दुसऱ्या बाजूला. आपल्या लेखकाने तो याच कारणाने वगळला असावा. चीनमध्ये एकशे आठ बंडखोरांची एक जुनी कादंबरी आहे, तिच्या नावाचा जपानी उच्चार म्हणजे सुइकोडेन. गेममध्येही एकशे आठ माणसे गोळा करायची. आकडा ऐकताच माझ्या आईने (ती तेव्हा ऐंशीची होती) हातातली जपमाळ वर करून दाखवली.

आपण एका साम्राज्याच्या सेनापतीचा मुलगा. परिस्थिती अशी येते की बंडखोरांचे नेतृत्व आपल्याकडे येते. तळ्यातल्या बेटावर एक ओसाड किल्ला मिळतो आणि गेम विचारतो, किल्ल्याचे नाव काय ठेवू? मुलगा काही तरी ड्रॅगन-बिगन टाइप करायला निघाला होता. मी कंट्रोलर घेतला आणि एकेक अक्षर निवडत 'रामशेज' लिहिले. मोगल फौजेला पाच वर्षांहून जास्त काळ दाद न देणारा किल्ला आपल्या दिंडोरीच्या वाटेवर उभा असताना दुसरे नाव कशाला?

या किल्ल्यात एकेक माणूस येत जातो. आणि इथे मला हा गेम बाकीच्या सगळ्यांपेक्षा वरचढ वाटतो. येणारे सगळे तलवारबहाद्दर नसतात. एक आचारी येतो. एक लोहार येतो आणि हत्यारांना धार लावून देतो. कोणी न्हाणीघर बांधतो, कोणी लिफ्ट बसवतो. विकी नावाची एक मुलगी जादूने कुठल्याही गावाला पोचवते, पण मधूनच तिचा मंत्र चुकतो आणि आपण भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. एका नावाड्याला फाशांच्या खेळात हरवल्याशिवाय तो हलत नाही. आपला मुख्य सल्लागार मॅथ्यू सापडतो तेव्हा एका खेड्यात पोरांना शिकवत असतो. माणसे वाढतात तसा किल्लाही वाढतो. काल जिथे पडकी भिंत होती तिथे आज दुकान. आणि किल्ल्यात एक शिळा आहे, तिच्यावर आलेल्या प्रत्येकाचे नाव उमटते. न आलेल्यांच्या जागा कोऱ्या. मी रोज झोपण्याआधी त्या शिळेवरून नजर फिरवत असे, जशी शेवटच्या प्रुफावरून फिरवतात तशी.

आमच्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा होतो. मी लहानपणी मामाबरोबर पाहिला आहे. रात्रभर एकामागून एक सोंगे येतात, मशालीच्या उजेडात नाचून जातात. मुखवट्याआडचा माणूस आपल्या ओळखीचा असतो, सकाळी त्याच्याकडून दूध घ्यायचे असते, तरी त्या घटकेला तो देवच. रोल प्लेइंगला मराठी शब्द मागाल तर मी 'सोंग' म्हणेन. बोहाड्यात लहानातल्या लहान सोंगालाही आपला ठेका असतो, आपली फेरी असते. 'सुइकोडेन'मध्ये आचाऱ्यालाही आहे. बाकीच्या बहुतेक गेममध्ये नायक आणि त्याचे पाच मित्र सोडले तर उरलेले सगळे दाराशी उभे राहून तेच ते एक वाक्य बोलतात.

आता एक प्रसंग जवळून सांगतो. सेनापती टेओ, म्हणजे आपला बाप, मुलावर चालून येतो. त्याच्या घोडदळापुढे आपली फौज उधळते. मागे कोणी तरी थांबून त्याला अडवले पाहिजे. पान नावाचा घरचाच माणूस म्हणतो, मी थांबतो. या गेममध्ये द्वंद्वयुद्ध वेगळ्या तऱ्हेचे आहे. तीनच डाव: साधा वार, बचाव आणि सर्वस्व पणाला लावून केलेला वार. दगड-कागद-कात्रीसारखे एक दुसऱ्याला खाते. आणि शत्रू पुढे काय करणार हे त्याच्या बोलण्यावरून ओळखायचे असते. प्रत्येक डावाआधी तो एक वाक्य बोलतो. वाक्यात गुर्मी असेल तर एक, सावध असेल तर दुसरे. म्हणजे जिंकायचे ते वाचून! एकतीस वर्षे मी दुसऱ्यांची वाक्ये वाचून पगार घेतला, आणि इथे पहिल्यांदा वाचनाच्या जोरावर कोणाचा जीव वाचणार होता.

नाही वाचला. पहिल्या खेपेला मी वाक्ये बरोबर ओळखली, पण पानकडे आम्ही आधी कधी लक्षच दिले नव्हते. अंगावर जुनाट चिलखत, लेव्हल (लढून लढून चढायची पायरी) खालची. दोन घाव चुकले आणि तो गेला. कायमचा. शिळेवरची त्याची जागा रिकामी झाली ती झाली. मग कितीही माणसे आणा, एकशे आठ होत नाहीत.

आणि एकशे आठ न होण्याची किंमत फार मोठी आहे. त्याआधी ग्रेमिओ गेलेला असतो. हा नायकाला लहानाचा मोठा करणारा, त्याच्या जेवणाखाण्याची, पांघरुणाची काळजी करणारा घरगडी. एका तुरुंगात मांस खाणारे विषारी बीजाणू सुटतात, तेव्हा तो सगळ्यांना आत ढकलतो आणि दार बाहेरून लावून घेतो. दाराआडून नुसते त्याचे बोलणे ऐकू येते. शेवटच्या लढाईआधी सगळे एकशे आठ जमले, एकही सुटला नाही, तरच तो परत येतो.

आम्ही गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. वीसेक तासांत संपणारा गेम आहे, त्यामुळे हे जमते. 'सात' असता तर मी हात जोडले असते. या खेपेला पानला आधीपासून पोसले. चांगले चिलखत, लोहाराकडून धार. टेओ हरला. पुढे शेवटचा माणूस आला, शिळा भरली, आणि ग्रेमिओ परत आला तेव्हा मुलाने आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं? येतात." तिच्या डोक्यात एरिसचा हिशेब अजून उघडाच होता.

आता 'आठ'. यातले काही माझे वैर खासगी आहे. ते पुढे सांगतो, आधी सार्वजनिक कारणे.

या गेममध्ये जादू विकत मिळत नाही, शत्रूकडून ओढून घ्यायची. 'ड्रॉ' म्हणतात त्याला. एकेका जादूचे शंभर डाव साठवता येतात, प्रत्येक माणसाला. म्हणून शहाणा खेळाडू एखाद्या निरुपद्रवी राक्षसासमोर उभा राहून दहा दहा मिनिटे ओढतच बसतो. आणि साठवलेली जादू वापरायची नाही, कारण ती ताकदीला जोडलेली असते. वापरली की ताकद उतरते. म्हणजे लोणच्याच्या बरण्या भरून माळ्यावर ठेवायच्या आणि जेवताना कोरडी भाकरी खायची. बरे, लढून मोठे व्हावे, तर आपली लेव्हल वाढली की राक्षसांचीही वाढते. वेतन आयोग आणि महागाई यांचे नाते ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पगाराचीही तऱ्हा तीच: नायक भाडोत्री सैनिक आहे, त्यामुळे नुसते चालत राहिले तरी हुद्द्याप्रमाणे पगार जमा होतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. या गेमने तेही आणले.

मोठे मदतनीस प्राणी बोलावले की त्यांचा सिनेमा सुरू होतो, आणि तो मध्येच बंद करता येत नाही. मी तेवढ्यात चहाचे आधण ठेवून येत असे. आणि कथा! दुसऱ्या सीडीवर, एका उद्ध्वस्त शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानात, उलगडा होतो की सहा मुख्य पात्रांपैकी पाच जण लहानपणी एकाच अनाथाश्रमात वाढले, पण त्या मदतनीस प्राण्यांमुळे एक सोडून सगळे ते विसरले. माझ्या तरुणपणी असल्या कथांवर हिंदी सिनेमे पंचवीस आठवडे चालत, पण त्यात निदान गळ्यातले लॉकेट तरी असे.

न्यायाने सांगायचे तर त्यातला पत्त्यांचा खेळ फक्कड आहे. नऊ घरांचा पट, पत्त्याच्या चारी बाजूंना आकडे. मी तो कथा सोडून तासन् तास खेळलो आहे.

आता खासगी. खेळ जिथवर आला तिथवरची नोंद, म्हणजे सेव्ह, मेमरी कार्डात ठेवतात. प्लेस्टेशनच्या या कार्डात पंधरा ब्लॉक, म्हणजे खण, असतात, आणि अशा बहुतेक गेमच्या एका सेव्हला एक ब्लॉक लागतो. आमच्याकडे कार्ड एकच. २००३च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद, सुट्टी, मी दिवसभर 'आठ' घेऊन बसलेला. रात्री सेव्ह करायला गेलो तर जागा नाही. मी कार्डाचा पडदा उघडला. प्रत्येक ब्लॉकचे एक चिमुकले चित्र ओळीने दिसते. त्यात 'सुइकोडेन'चे होते. गेम तर संपला, एकशे आठ झाले, ग्रेमिओ आला, आता या ब्लॉकचे काय काम? छापून झालेल्या फर्म्याची प्रुफे आम्ही रद्दीत घालत असू. पुसू का, असे यंत्राने विचारले. मी हो म्हटले.

पुढच्या वर्षी मुलगा 'सुइकोडेन दोन' घेऊन आला. सीडी घातली, आणि सुरुवातीलाच गेमने विचारले, पहिल्या भागाचा सेव्ह आहे का? तो असेल तर जुना नायक या गोष्टीत तुम्हाला भेटतो, तुमच्या तुकडीत येऊन लढतो. मुलाने कार्ड उघडले. वरून खाली पाहिले. पुन्हा वरून खाली पाहिले.

"बाबा, एकशे आठ होते हो."

तो एवढेच म्हणाला. आठव्या भागाच्या सहा सेव्हची सहा चित्रे तिथे ओळीने हसत होती. आपल्या यादीत तो गेम दुसऱ्या क्रमांकावर पाहून मला काय वाटले असेल, याची आता कल्पना यावी.

'नावडता' आणि 'वाईट' यांत मी फरक करतो. वाईट म्हणाल तर 'बियाँड द बियाँड', १९९५चा. चार पावले चाललात की लढाई, पुन्हा चार पावले की लढाई. आपण कुठे निघालो होतो हेच माणूस विसरतो. पण तो गेम चांगला आहे असे कोणी म्हणतच नाही, त्यामुळे त्याच्यावर राग धरता येत नाही. 'झेनोगिअर्स'वर धरता येतो. पहिली सीडी अप्रतिम, आणि दुसऱ्या सीडीवर पात्रे खुर्चीत बसून पुढची हकिगत सांगत सुटतात. मोठमोठे प्रसंग आपल्याला खेळायला मिळत नाहीत, ऐकायला मिळतात. लेखकाने निम्म्यात मजकूर आटपून 'पुढे असे असे झाले' लिहून पाठवावे, तसे. 'लेजंड ऑफ ड्रॅगून' मला झेपला नाही. त्यात वार लागोपाठ बसवायला बटण नेमक्या ठोक्यावर दाबावे लागते. मुलगा गणपतीत ढोल वाजवायचा, नाशिक ढोलाचा हात, त्याला ते सहज साधे. माझा ठोका कायम एक मात्रा उशिरा. शिवाय पिशवीत फक्त बत्तीस वस्तू मावतात. चार सीडींच्या प्रवासाला बत्तीस वस्तू! आमची ही पंढरपूरला दोन दिवस जाताना याहून जास्त नेते. 'ड्रॅगन क्वेस्ट सात' मला आवडू लागला होता, पण शंभर तासांचा तो गेम आणि मुलाची बारावी एकाच वर्षी आल्या.

भाषेवर एक परिच्छेद मला हवाच. 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'ची कथा राजकारणाची, फार खोल. इंग्रजी भाषांतर मात्र असे की एका लढाईचे उद्दिष्ट छापले होते, 'डायसडार्गच्या थोरल्या भावाला हरवा.' आता डायसडार्ग हाच थोरला भाऊ! मी आणि मुलगा पटावर दुसरा भाऊ शोधत बसलो. उलट 'व्हेग्रंट स्टोरी', २००० सालचा, अलेक्झांडर ओ. स्मिथ यांच्या भाषांतराचा. जुन्या वळणाचे, दगडी वाड्यासारखे इंग्रजी. मी शब्दकोश खालून काढून (प्लेस्टेशन तात्पुरते उशीवर) वाक्ये पुन्हा पुन्हा वाचली आहेत. खेळायला तो किचकट आहे. प्रत्येक राक्षसासाठी हत्यार बदला, मेन्यूत जा, परत या. लोडशेडिंगच्या दिवसांत तळघराच्या ऐन मध्यात वीज जायची आणि मागच्या सेव्हपासूनचे सगळे पाण्यात. तरी मी तो पुरा केला, पुढचे वाक्य वाचायला मिळावे म्हणून.

आणि 'नऊ'. आपल्या यादीत तो नवव्या क्रमांकावर आहे, बहुधा आकडा जुळावा म्हणून. त्यात टोकदार टोपीचा एक छोटा जादूगार आहे, व्हिव्ही. आपल्यासारखे जादूगार एका खेड्याखालच्या कारखान्यात बनवून पिंपांत भरून पाठवतात, हे त्याला प्रवासात कळते. पुढे अशाच पळून आलेल्या जादूगारांचे गाव लागते. त्यांचे आयुष्य जेमतेम वर्षाचे. त्यांच्यातला एखादा पडला की ते 'मेला' म्हणत नाहीत, कारण मरण म्हणजे काय हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. 'थांबला' म्हणतात. मातीत पुरतात. त्या भाषांतरकाराने एका क्रियापदावर केवढे ओझे उचलले आहे पाहा. त्या रात्री मी वहीत चुका टिपायचे थांबलो आणि तो शब्द लिहून ठेवला.

'सुइकोडेन दोन'वर मी जास्त लिहीत नाही, कारण जुना सेव्ह नसताना खेळलेला माणूस मी. तो पहिल्याहून मोठा, पहिल्याहून दुःखी आहे. त्यातला लुका ब्लाइट नावाचा क्रूर राजा मारायला सहा-सहा जणांच्या तीन तुकड्या लागतात, आणि तरीही तो पडत नाही. शेवटी अंधारात त्याचा ठाव लागतो तो काजव्यांमुळे. एका ताईतात भरलेले काजवे बाहेर पडतात आणि त्या उजेडावर तिरंदाज नेम धरतात. आम्ही दरवर्षी पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे पाहायला जातो. तेव्हापासून दर वेळी मुलगा किंवा मी, दोघांपैकी कोणी तरी, लुकाचे नाव काढतोच.

या दोन्ही गेमचे कर्ते योशिताका मुरायामा फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, पंचावन्नाव्या वर्षी. पुन्हा शंभरावर माणसे गोळा करायचा त्यांचा नवा गेम, 'एयुडेन क्रॉनिकल', त्यानंतर दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये आला. मार्च २०२५ मध्ये जुने दोन्ही 'सुइकोडेन' नव्या यंत्रांसाठी घासूनपुसून पुन्हा बाजारात आले. मुलाने बंगळुरूमध्ये घेतले आहेत. फोनवर म्हणाला, "बाबा, यात सेव्ह भरपूर ठेवता येतात, तुम्ही घाबरू नका."

मी मात्र या चातुर्मासात जुन्याच यंत्रावर पहिला भाग पुन्हा काढला आहे. शब्दकोश तेच, प्लेस्टेशन उताणे, बोटे आता संधिवाताची. किल्ल्याचे नाव रामशेज. काल रात्रीपर्यंत शिळेवर चौऱ्याऐंशी नावे आहेत आणि पान धडधाकट आहे. या वेळी मी दुसरे मेमरी कार्ड मागवले आहे आणि त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून लिहिले आहे: पुसू नये.

पत्र मोठे झाले आहे, कात्री लागणार हे मी जाणतो. लावायची तर 'बियाँड द बियाँड'वर लावावी, पत्त्यांच्या खेळाचे कौतुकही काढले तरी चालेल. ग्रेमिओला हात लावू नये. आणि 'सुइकोडेन' छापताना सु ऱ्हस्व, इ सुटी, को आणि डे दोन्ही पूर्ण. प्रुफ पाहायला मी येऊ शकतो. सकाळी दहानंतर घरीच असतो.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त मुद्रितशोधक)
इंदिरानगर, नाशिक